कन्सोल व्हेरिएबल शेवटी ऐकतं कोणाचं? (अनरियल, सावल्या आणि नरकासुर)

फोंड्याचं_पोर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

फोंड्यात आम्ही काही मित्र मिळून अनरियल ५ या गेम इंजिनवर एक छोटा गेम करतोय. चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावरचा नरकासुराचा पुतळा गाड्यावर चढवायचा आणि विजेच्या तारा चुकवत, अरुंद वळणं घेत पहाटेपर्यंत दहनाच्या जागी न्यायचा, एवढीच गोष्ट. सगळा खेळ रात्रीचा. त्यामुळे ट्यूबलाइटी, माळा, स्कूटरचे हेडलाइट आणि प्रत्येक दिव्याची वेगळी सावली. लॅपटॉप जुना आहे, ग्राफिक्स कार्ड बेताचं.

आता त्रांगडं असं. मेनूत सावल्यांचा दर्जा निवडायची सोय आहे. माझ्या लॅपटॉपवर एडिटरमध्ये तो बदलला तर ढिम्म फरक पडत नाही. तोच प्रोजेक्ट गिटवरून घेतलेल्या मित्राच्या पीसीवर मेनू नीट चालतो. आणि माझ्याच लॅपटॉपवर शिपिंग बिल्ड (खेळाडूंना द्यायची अंतिम प्रत) काढलं तर मेनू चालतो, पण गेम सुरू होताच फ्रेमरेट आपटतो. एडिटरमध्ये तो बरा असतो! कोड एकच, असेट तेच, आणि वागणं तीन तऱ्हांचं.

तुम्ही लोक कन्सोल व्हेरिएबलं (कन्सोल म्हणजे आदेश टाइप करायच्या पट्टीतून नावाने बदलता येणारे इंजिनचे आकडे) सांभाळता कशी? आमच्याकडे काही आयएनआय (सेटिंगच्या) फायलीत आहेत, काही ब्लूप्रिंटमध्ये (नोड म्हणजे चौकटी जोडून केलेला कोड), आणि काही कुणीतरी कन्सोलवर टाइप करून विसरून गेलेलं.

आगशीचं_वांगं

इंजिन उडव आणि परत टाक. माझं सगळं त्यानेच सुटतं.

वास्को_लोकल

वांग्या, आधी त्याला विचार नेट कोणाचं आहे. या पावसात अनरियल डाउनलोडला लावलं तर चवथीला उतरेल. तेही वीज राहिली तर.

रेंडर_रमा

दोन गोष्टी सांग, मग बोलू.

एक, मेनूत नेमका कुठला नोड लावलाय? गेम युजर सेटिंग्जमधला 'सेट शॅडो क्वालिटी' आणि नंतर 'अप्लाय सेटिंग्ज', की 'एक्झिक्यूट कन्सोल कमांड'?

दोन, एडिटरमध्ये गेम चालू असताना कन्सोल उघड आणि नुसतं आर.शॅडोक्वालिटी टाइप करून एंटर मार. पुढे किंमत देऊ नकोस. किंमत छापून येईल आणि तिच्या शेजारी 'लास्टसेटबाय' असं काहीतरी येईल. ते इथे लिही.

जुना_टिल्डा

कन्सोल हा शब्द दिसला की आमच्यासारखे म्हातारे धाग्यावर येणारच. :)

ही सगळी पद्धत पसरली ती १९९६ च्या क्वेक या गेममुळे. टिल्डाची कळ दाबली की वरून पडदा खाली यायचा, त्यात एसव्ही_ग्रॅव्हिटी १०० लिहायचं आणि आख्खी मंडळी तरंगायला लागायची. मूळ आकडा ८००. क्वेकच्या इंजिनातूनच पुढे हाफ-लाइफचं इंजिन निघालं, त्यामुळे काउंटर-स्ट्राइकमध्येही तोच ८००. पणजीच्या सायबर कॅफेत आमचा एक मित्र सर्व्हर चालवायचा, हरायला लागला की गुरुत्वाकर्षण कमी करायचा. त्याच्याशी वाद घालून उपयोग नसे, तासाचे पैसेही तोच भरायचा.

मुद्द्याचं सांगतो. क्वेकमध्ये प्रत्येक व्हेरिएबलला 'अर्काइव्ह' नावाची खूण असायची. ती असेल तर गेम बंद होताना ती किंमत कॉन्फिग.सीएफजीत लिहिली जायची. म्हणजे ती फाइल तुम्ही नोटपॅडमध्ये कितीही सजवा, गेम बाहेर पडताना तिच्यावर आपलंच लिहिणार. म्हणून शहाणे लोक आपल्या ओळी ऑटोएक्झेक.सीएफजीत ठेवायचे. ती कॉन्फिगनंतर वाचली जाते आणि गेम तिला हात लावत नाही. एक फाइल यंत्राची, एक माणसाची. धागाकर्त्याचं दुखणं याच जातीचं वाटतंय: यंत्राच्या की माणसाच्या कुठल्यातरी फाइलीत काहीतरी बसलंय.

आगशीचं_वांगं

टिल्डाकाका, कॅफेत ती कॉन्फिग फाइल 'रीड-ओन्ली' करून ठेवणारा एक महाभाग असायचा. त्याचा माउस सेन्सिटिव्हिटीचा आकडा आम्ही सगळ्यांनी भोगलाय.

फोंड्याचं_पोर

रमाताई, नोड 'सेट शॅडो क्वालिटी' आणि 'अप्लाय सेटिंग्ज' हेच आहेत.

कन्सोलवर आलं ते असं: आर.शॅडोक्वालिटी = "१", लास्टसेटबाय: कन्सोलव्हेरिएबल्सआयएनआय.

शिवाय लॉग चाळला तर मेनू बदलल्यावर दर वेळी एक पिवळी ओळ येतेय. तिचा मतलब असा की 'स्केलेबिलिटी'कडून आलेली किंमत दुर्लक्षित केली, कारण आधी 'कन्सोलव्हेरिएबल्सआयएनआय'ने लावलेल्या किमतीपेक्षा तिचं प्राधान्य कमी आहे, किंमत १ च राहील. इतके दिवस ही ओळ समोर होती, पण लॉगमध्ये पिवळं इतकं असतं की कोण बघतो.

पण आमच्या प्रोजेक्टच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये या नावाची फाइलच नाही!

रेंडर_रमा

प्रोजेक्टमध्ये नसेलच. ती इंजिनच्या फोल्डरमध्ये असते. इंजिन, त्यात कॉन्फिग, त्यात कन्सोलव्हेरिएबल्स.आयएनआय. उघड आणि 'स्टार्टअप' विभागाखाली काय लिहिलंय बघ. अर्धविरामाने सुरू होणाऱ्या ओळी टिप्पण्या आहेत, त्या सोड.

तोवर बाकीच्यांसाठी. अनरियल प्रत्येक व्हेरिएबलच्या किमतीबरोबर ती कोणी लावली हेही लक्षात ठेवतं. कमजोर ते जबर असा क्रम साधारण असा: कोडमधली मूळ किंमत, मग स्केलेबिलिटी (म्हणजे मेनूतलं कमी-मध्यम-जास्त), गेम सेटिंग, प्रोजेक्ट सेटिंग, सिस्टमसेटिंग्ज आयएनआय, डिव्हाइस प्रोफाइल (त्या त्या यंत्रासाठीची सेटिंग्ज), मग ही कन्सोलव्हेरिएबल्स फाइल, कमांडलाइन, कोडमधून लावलेली, आणि सगळ्यांच्या वर कन्सोलवर हाताने टाइप केलेली. वरच्याने एकदा किंमत लावली की खालच्याची मागणी नाकारली जाते, गेम बंद होईपर्यंत. शेवटी कोण बोललं याला महत्त्व नाही, कोण बोललं याला आहे.

मेनू स्केलेबिलिटीच्या पायरीवर उभा आहे, जवळजवळ तळाशी. म्हणून याचा मेनू मुका.

कुळागर

म्हणजे देवस्थानासारखंच की. महाजनांच्या सभेत ठराव झाला की मग कारकुनाने वहीत काहीही लिहो, ठराव तो ठराव.

वास्को_लोकल

कुळागरबाब, तुमचं देवस्थान कुठलं ते सांगा, आम्ही तिकडे येऊ. आमच्याकडे कारकूनच ठराव करतो आणि महाजनांना नंतर कळवतो.

कुळागर

:D धाग्यावर या, देवळात राजकारण नको.

फोंड्याचं_पोर

सापडलं!! स्टार्टअपखाली तीन ओळी. आर.शॅडोक्वालिटी=१, आर.शॅडो.व्हर्च्युअल.एनेबल=०, आणि आर.डायनॅमिकग्लोबलइल्युमिनेशनमेथड=०. हा लॅपटॉप आधी आतेभाऊ वापरायचा, इंजिनही त्यानेच टाकलेलं. फोन केला तर म्हणतो, "हां, ते मीच लिहिलं, नाहीतर एडिटर उघडत नव्हता. का रे, लागतं का अजून?"

शून्य_पॉइंटर

आता तिन्ही कोडी सुटली. मित्राच्या पीसीवर इंजिन वेगळं, त्यात या ओळी नाहीत, म्हणून त्याचा मेनू चालतो. गिटमध्ये तुमचा प्रोजेक्ट जातो, इंजिन जात नाही. आणि शिपिंग बिल्ड ही फाइल वाचतच नाही. चीट खुणेची (खेळाडूने बदलू नयेत अशी) व्हेरिएबलं सुद्धा जिथून लावता येतात अशी ती एकमेव आयएनआय आहे, त्यामुळे शिपिंगमधून तिला मुद्दाम वगळलंय. म्हणजे शिपिंगमध्ये आतेभावाचं कवच गळून पडतं, ल्युमेन (परावर्तित उजेडाचा हिशोब) आणि व्हर्च्युअल शॅडो मॅप (बारीक सावल्यांची जड पद्धत) दोन्ही जागे होतात, आणि रात्रीच्या त्या सगळ्या दिव्यांचा हिशोब लॅपटॉपच्या डोक्यावर येतो.

एडिटरमध्ये तू आजवर जो गेम बघत होतास तो तुझा गेम नव्हताच.

जुना_टिल्डा

आणि हसू नका, पण वांग्याने पहिल्या प्रतिसादात सांगितलेला उपाय लागू पडला असता. इंजिन उडवून परत टाकलं असतं तर फाइल कोरी झाली असती.

आगशीचं_वांगं

मी गप्प बसून होतो. कुणाच्या तरी लक्षात येईल म्हणून. 😌

वास्को_लोकल

यावर एवढा ऊहापोह कशाला? मेनूत 'एक्झिक्यूट कन्सोल कमांड' लाव, आर.शॅडोक्वालिटी ० किंवा ३ सरळ हाण. कन्सोल सगळ्यांच्या वर आहे ना? मग मेनू कधी हरणारच नाही. मी असंच करतो.

रेंडर_रमा

चालतं, आणि तिथूनच दुसरं दुखणं सुरू होतं. त्या नोडने लावलेली किंमत 'कन्सोलने लावली' म्हणून नोंदली जाते. मग खेळाडूने एकदा मेनूत सावल्या बदलल्या की पुढे स्केलेबिलिटी, डिव्हाइस प्रोफाइल कोणाचंच त्या व्हेरिएबलपुढे चालत नाही. खेळाडूने 'सगळं कमी' हे बटण दाबलं तर बाकीचं खाली येईल आणि सावल्या तशाच राहतील. वर गेम बंद केला की ती किंमत कुठे जतन होत नाही ते वेगळंच. दर स्टार्टअपला स्वतः लावायची, म्हणजे स्वतःची सेव्ह फाइल लिहायची. जे काम गेम युजर सेटिंग्ज फुकट करतं ते पुन्हा करायचं.

एकाने असं एक व्हेरिएबल जोरात लावलं की दुसऱ्याला त्याहून जोरात लावावं लागतं. शेवटी सगळा मेनू कन्सोल कमांडांनी भरतो. मी असा मेनू सांभाळलाय, कुठल्या कंपनीत ते विचारू नका.

वास्को_लोकल

बरं बाई. मग या ओळी जायच्या कुठे? प्रोजेक्टच्या डिफॉल्टइंजिनमध्ये 'सिस्टमसेटिंग्ज' विभाग असतो, तिथे टाकल्या तर गिटमध्ये जातील, सगळ्यांना मिळतील.

रेंडर_रमा

क्रम पुन्हा बघा. सिस्टमसेटिंग्जसुद्धा स्केलेबिलिटीच्या वर आहे. आर.शॅडोक्वालिटी तिथे टाकलंत तर आज एकाच्या लॅपटॉपवर बंद असलेला मेनू उद्या सगळ्यांच्या मशीनवर आणि शिपिंगमध्येही बंद पडेल.

माझी वाटणी अशी. खेळाडू जे मेनूतून बदलणार ते प्रोजेक्टच्या डिफॉल्टस्केलेबिलिटी.आयएनआयमध्ये. तिथे 'शॅडोक्वालिटी@०', '@१' असे विभाग करून प्रत्येक पायरीला काय हवं ते लिहायचं. '@३' म्हणजे एपिक, वरचा दर्जा. इंजिनच्या बेसस्केलेबिलिटीत सगळे विभाग आधीच आहेत, बदलायचं तेवढंच आपल्या फाइलीत लिहायचं.

गेमची ठाम निवड आहे, खेळाडूला विचारायचीच नाही, ती प्रोजेक्ट सेटिंग्जच्या रेंडरिंग पानावर. तुमच्या गेमला ल्युमेन हवंच कशाला? रात्र आहे, दिवे छोटे आहेत. ग्लोबल इल्युमिनेशन (ल्युमेन करतं तेच काम) 'नन' करा, शॅडो मॅपची पद्धत व्हर्च्युअलवरून साध्या शॅडो मॅपवर आणा. ते डिफॉल्टइंजिनमध्ये लिहिलं जातं आणि गिटमध्ये जातं. आतेभावाच्या दोन ओळींना ही योग्य जागा मिळाली.

आणि स्वतःच्या मशीनपुरतं काही हवं असेल तर एडिटरच्या शॉर्टकटमध्ये 'एक्झेककमांड्स' देऊन लावा. शॉर्टकट डेस्कटॉपवर दिसतो तरी. इंजिनच्या पोटातली फाइल कुणाला दिसत नाही.

शून्य_पॉइंटर

एक भर: सावल्यांचं व्हेरिएबल कितीही फिरवलंत तरी मुळात दिवे कमी करा. पॉइंट लाइटची सावली म्हणजे सहा दिशांना सहा वेळा चित्र काढणं. माळेतल्या प्रत्येक बल्बला सावली पाडायला लावली असेल तर कुठलंही कार्ड रडेल. बल्बांचं 'कास्ट शॅडोज' काढून टाका, ट्यूबलाइटींचा ॲटेन्युएशन रेडियस (उजेडाचा पल्ला) आखूड करा. नरकासुराची भिंतीवर पडणारी मोठी सावली तेवढी हवी, ती एका स्पॉटलाइटने मिळते. 'स्टॅट जीपीयू' टाइप करून आधी-नंतरचे आकडे बघा.

कुळागर

अवांतर: नरकासुराचे हात किती लांब ठेवलेत? आमच्या वाड्यावर तारांखालून जाताना हात खाली घ्यायची सोय म्हणून खांद्याला बिजागरी लावतात. गेममध्ये आहे का?

फोंड्याचं_पोर

आहे ना! आणि खरं तर माझा दुसरा प्रश्न तोच. हातांचा झोक, गाड्याचं वजन, वळणावर कलण्याचा कोन, हे सगळे आकडे मी कन्सोल व्हेरिएबल करून ठेवलेत. गेम चालू असताना बदलून बघता येतात. एक मित्र म्हणतो ही घाण आहे, सगळं डेटा असेटमध्ये (आकडे ठेवायच्या प्रोजेक्टमधल्या फाइलीत) हवं.

शून्य_पॉइंटर

मित्राचं बरोबर आहे. कन्सोल व्हेरिएबल म्हणजे ग्लोबल व्हेरिएबलच, फक्त सुटाबुटातलं. वीस नरकासुर एकाच लेव्हलमध्ये ठेवलेत तर सगळ्यांचा झोक एकच. डिझायनरला तो आकडा एडिटरच्या पॅनेलमध्ये दिसत नाही. आणि कन्सोलवर खेळून सापडलेला सुंदर आकडा एडिटर बंद केला की गेला. चिठोऱ्यावर लिहिला असेल तर ठीक.

जुना_टिल्डा

असहमत. खेळाचा हात बसतो तो चालू खेळात आकडे फिरवूनच. थांबा, असेट उघडा, बदला, पुन्हा चालवा, यात हाताला आधीचं काय वाटलं होतं ते विसरायला होतं.

आणि ग्लोबल म्हणून नाक मुरडू नका. क्वेक ३ मधला कॉम_मॅक्सएफपीएस हा नुसता फ्रेमरेटचा आकडा, पण १२५ ठेवला की उडी किंचित उंच जायची. कारण वेग दर फ्रेमला पूर्णांकात बसवला जायचा आणि त्या तोडमोडीत ८ मिलिसेकंदाची फ्रेम उडीच्या फायद्याची पडायची. स्पर्धेत खेळणारे सगळे १२५ वर. पुढे पीमूव्ह_फिक्स्ड आणि पीमूव्ह_एमसेक ही व्हेरिएबलं आली, दुसऱ्याची मूळ किंमत ८, म्हणजे कमी फ्रेमरेटवाल्यालाही तेच भौतिकशास्त्र मिळावं.

शून्य_पॉइंटर

काका, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. चित्रासाठीच्या एका आकड्यावर उडीची उंची ठरत होती आणि ते झाकायला आणखी दोन आकडे लागले.

जुना_टिल्डा

पण ते दोन आकडे कन्सोलवर होते म्हणून सर्व्हर चालवणाऱ्याला निवड करता आली! असो, यावर आपलं जमायचं नाही.

रेंडर_रमा

दोघांच्या मधला एक रस्ता आहे. खरा आकडा डेटा असेटमध्ये, प्रत्येक नरकासुराचा वेगळा. सोबत एक कन्सोल व्हेरिएबल, मूळ किंमत -१. कोडमध्ये एवढंच: व्हेरिएबल शून्यापेक्षा कमी असेल तर असेटचा आकडा घे, नाहीतर व्हेरिएबलचा. खेळून बघायचं तेव्हा कन्सोलवर लिहा, जमलं की तो आकडा असेटमध्ये उतरवा आणि कन्सोल पुन्हा -१ करा.

हे करताना तीन पथ्यं. त्यावर चीटची खूण लावा, नाहीतर कुणीतरी आयएनआयमधून तुमच्या गाड्याचं वजन शून्य करेल. नावाला गेमचा उपसर्ग द्या, 'नरका.हात.झोक' असा, म्हणजे कन्सोलवर 'नरका.' एवढं लिहिलं की सगळी यादी खाली दिसते. आणि टिकमध्ये (दर फ्रेमला चालणाऱ्या कोडमध्ये) नावावरून व्हेरिएबल शोधू नका. फाइलच्या वर टीऑटोकन्सोलव्हेरिएबल घोषित करा आणि त्याच्याकडूनच किंमत वाचा.

मदतीचा मजकूर मनापासून लिहा. तो द्यावाच लागतो, पण रिकामे अवतरण देऊन पळवाट काढता येते आणि लोक काढतात. 'झोक' म्हणजे अंश की सेंटिमीटर, हे पुढच्या दिवाळीला तुम्हालाच आठवणार नाही.

आगशीचं_वांगं

-१ म्हणजे 'माझं ऐकू नकोस'. आमच्या घरी माझी किंमत कायम -१ वर असते.

मांडवी_पलीकडे

धागा वाचनखुणेत साठवला. मी गोडो या दुसऱ्या गेम इंजिनवर काम करते. तिथे इंजिनाबरोबर असा कन्सोल येत नाही, प्रोजेक्ट सेटिंग्ज आणि वरून लागू होणारी ओव्हरराइड.सीएफजी एवढंच. स्वतःचा कन्सोल लिहिताना मी नाव, किंमत, कमाल-किमान एवढं ठेवलं होतं. 'कोणी लावलं' हा रकाना सुचलाच नव्हता. आज संध्याकाळी घालते.

रेंडर_रमा

@मांडवी_पलीकडे, किंमत बदलल्यावर हाक मारणारा कॉलबॅकही घाला. नाहीतर आवाजाचा आकडा बदलतो आणि स्पीकर तसाच ओरडत राहतो.

फोंड्याचं_पोर

मंडळी, ताजी खबर. आतेभावाच्या ओळी काढल्या. ल्युमेन बंद, शॅडो मॅप साधे, माळांच्या सावल्या गेल्या, पायऱ्या डिफॉल्टस्केलेबिलिटीत. आता एडिटर, मित्राचा पीसी आणि शिपिंग तिन्हीकडे मेनू ऐकतो. शिपिंग पहिल्यांदा उघडलं की एपिकवरच सुरू होतं, तेवढं राहिलंय.

आणि उत्साहात अँड्रॉइडवरही टाकून बघितलं. तिथे मेनू पुन्हा मुका. :(

शून्य_पॉइंटर

एपिकचं सोपं आहे. पहिल्या वेळी 'रन हार्डवेअर बेंचमार्क' आणि मग 'अप्लाय हार्डवेअर बेंचमार्क रिझल्ट्स' हे नोड चालव. ते स्वतःहून चालत नाहीत.

रेंडर_रमा

फोनवर कोण आडवा आलाय ते तू ओळखशील. विचार त्यालाच.

फोंड्याचं_पोर

फोनवर टिल्डाची कळ कुठून आणू?

जुना_टिल्डा

डेव्हलपमेंट बिल्ड टाक आणि चार बोटं एकदम स्क्रीनवर टेकव. कन्सोल उघडतो.

फोंड्याचं_पोर

उघडला! लास्टसेटबाय: डिव्हाइसप्रोफाइल. प्रोजेक्टच्या डिफॉल्टडिव्हाइसप्रोफाइल्समध्ये 'अँड्रॉइड_लो'खाली शॅडोक्वालिटीची ओळ आहे. गिट म्हणतंय ती आमच्याच ग्राफिक्सवाल्याने टाकलीय, मागच्या महिन्यात, संदेश: "फोन गरम होत होता".

वास्को_लोकल

त्याला आतेभावाचा नंबर दे. दोघांचं जमेल.